अर्ध्या वाट्याची वाइन

सांजोवेझे हे द्राक्ष वेलीवरून तोडून खाण्याचं नव्हे. साल पातळ पण तुरट, बी कडवट, आणि घड पूर्ण पिकले तरी मण्यांमधली आंबट धार जात नाही. फ्लोरेन्सच्या जोव्हान्नी वेत्तोरियो सोदेरिनीने सोळाव्या शतकाच्या अखेरीस द्राक्षशेतीवर एक ग्रंथ लिहिला. तो 1600 साली छापून आला तेव्हा लेखक हयात नव्हता. त्या ग्रंथात हे द्राक्ष ‘सांजोगेतो’ या जुन्या नावाने भेटतं. खायला जहाल, पण रसाने गच्च, असं सोदेरिनी सांगतो आणि वाचणाऱ्याला बजावतो की याच्यापासून जपून राहा, वाइन करायला जाल आणि हाती व्हिनेगर येईल. चार शतकं उलटली, तरी या द्राक्षाविषयी इतकं नेमकं काही मी वाचलेलं नाही. व्हिनेगरच्या काठापर्यंत जाऊन मागे फिरलेली ही वाइन आहे. इटलीच्या टस्कनी प्रांतात, फ्लोरेन्स आणि सिएना या दोन शहरांमधल्या डोंगरांत ती होते. तिचं नाव किआंती.

किआंती क्लासिको, म्हणजे मूळ टापूतली किआंती, पेल्यात ओतली की आधी जाणवतो तो तिच्या रंगाचा हलकेपणा. पेल्यामागे धरलेली बोटं त्या लालीतून दिसतात. वय झालं की कडेला विटकरी, मग नारिंगी झाक येते. वास आंबट चेरीचा, व्हायोलेटच्या फुलांचा, उन्हात वाळलेल्या पाल्याचा, कोऱ्या चहाचा. जुन्या बाटलीत त्यात लोखंड आणि ओली माती मिसळते. घोट घेतला की आंबटपणा जिभेच्या दोन्ही कडांनी धावतो, तोंडाला पाणी सुटतं, आणि पाठोपाठ टॅनिनचा तुरटपणा हिरड्यांवर पसरून ते पाणी शोषून घेतो. आधी भिजवणं, लगेच सुकवणं. या दोन्हींच्या मध्ये तोंड पुढच्या घासाची वाट पाहू लागतं. गप्पांच्या ओघात नुसती पीत बसावी अशी ही वाइन नाही, ती भूक लावते. मला ती आवडते ती यासाठीच. हा भुकेचा गुण तिच्यात कुठून आला हे शोधू गेलं, तर शोध द्राक्षाच्या सालीपाशी थांबत नाही. तो जमिनीपर्यंत जातो आणि तिथून जमीन कसणाऱ्यांच्या ताटापर्यंत.

जमीन आधी. चित्रांतून आणि सिनेमांतून टस्कनी पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे गव्हाचे गोलसर माळ आणि सायप्रसची रांग असते. ते माळ सिएनाच्या दक्षिणेचे. किआंती क्लासिकोचा टापू सुमारे 70,000 हेक्टरांचा आहे आणि त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग आजही जंगल आहे. ओक, चेस्टनट, काटेरी झुडपं, आणि रात्री बागांत घुसणारी रानडुकरं. राद्दाहून व्होल्पाइया गावाकडे चढणाऱ्या रस्त्याने मी चालत गेले तेव्हा बराच वेळ द्राक्षाची एक वेल दिसली नाही. मग झाडी अचानक सरली आणि उतरणीवर वेलींच्या ओळी उघडल्या, त्यांच्या पायथ्याशी माती थोडी आणि दगड फार. तिथला एक दगड उचलला तर तो हातातच पापुद्रे सुटून चुरला. हा गालेस्त्रो: राखाडी, पानापानांचा, पाऊस आत मुरू देणारा. याच्या जोडीचा दगड अल्बेरेझे, फिकट, कठीण, चुन्याचा. गावांतली जुनी घरं आणि गढ्या याच दगडाच्या. आणखी वर, लामोलेच्या बाजूला, माचिन्यो नावाचा वालुकाश्म लागतो. तिथे चुन्याशिवाय नुसते दगड रचून उभ्या केलेल्या ताली आहेत. त्या तालींच्या आधाराने डोंगराच्या कुशीत अरुंद वाफे धरून ठेवलेत. गालेस्त्रोतली वाइन जास्त भरलेली, अल्बेरेझेतली जास्त ताठ, आणि लामोलेची अशी सुगंधी आणि हलकी की तिला वाइन म्हणावं की फुलांचा काढा असा प्रश्न पडावा. निदान माझ्या जिभेला तरी हे असं लागतं.

उंचीचाही यात मोठा वाटा आहे. दिवसा ऊन असतं, पण रात्री डोंगराची थंडी उतरते आणि मण्यांमधलं आम्ल जळून जात नाही. सांजोवेझे उशिरा पिकणारं द्राक्ष. सप्टेंबर सरता सरता, कधी ऑक्टोबरात, त्याची तोडणी होते. आणि नेमकी तेव्हाच पावसाची टांगती तलवार डोक्यावर असते. पातळ सालीचा मणी पावसात कुजतो. म्हणून पूर्वी अर्धकच्चे घड घाईने तोडले जात, आणि सोदेरिनीने दिलेला इशारा वर्षाआड खरा ठरत असे. आता हवा तापत चालली आहे. राद्दा आणि लामोले यांच्यासारखी उंचावरची गावं, जिथे द्राक्ष धड पिकत नाही म्हणून नाकं मुरडली जात, तिथल्याच बागांना आज मागणी आहे.

या टापूची हद्द एका राजाज्ञेने आखली गेली. 24 सप्टेंबर 1716 रोजी टस्कनीचा ग्रँड ड्यूक, मेदिची घराण्यातला तिसरा कोसिमो, याने फर्मान काढून किआंतीसह चार वाइनप्रदेशांच्या सीमा ठरवून दिल्या. वाइनच्या नावाला कायद्याने भूमीशी बांधण्याचा जगातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक. पण त्याआधीच्या हद्दीची एक दंतकथा आहे, आणि ती मला फर्मानापेक्षा जवळची वाटते. फ्लोरेन्स आणि सिएना यांचं या डोंगरांवरून पिढीजात वैर. शेवटी असं ठरलं की पहाटे कोंबडा आरवला की दोन्ही शहरांतून एकेक घोडेस्वार निघावा आणि जिथे ते भेटतील तिथे सीमा. सिएनाने पांढरा कोंबडा निवडला, त्याला दाणे घालून गुटगुटीत केला. फ्लोरेन्सने काळा निवडला आणि त्याला अंधारात कोंडून उपाशी ठेवला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. इथे झाकलेलं कोंबडं बाहेर काढल्याबरोबर भुकेच्या तडाख्याने, तांबडं फुटायच्या कितीतरी आधी आरवलं. फ्लोरेन्सचा स्वार निघाला, आणि सिएनाचा पांढरा कोंबडा जागा होईपर्यंत तो फोंतेरुतोलीपर्यंत, म्हणजे सिएनाच्या जवळजवळ दारात, पोचला होता. किआंती फ्लोरेन्सची झाली. फ्लोरेन्सच्या पालाझ्झो वेक्कियोमधल्या मोठ्या दालनाच्या छतावर चित्रकार वाझारीने किआंतीचं रूपक रंगवलं त्यात हा काळा कोंबडा आहे, आणि आज किआंती क्लासिकोच्या प्रत्येक बाटलीवरही तोच आहे. वाइनच्या जगात मुकुट, सिंह, ढाली अशी चिन्हं खूप. उपाशी पक्षी मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

आता ताट. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात, साठच्या दशकापर्यंत, या डोंगरांतली शेती जवळजवळ सगळी मेझाद्रिया नावाच्या पद्धतीने चाले. आपल्याकडच्या भाषेत अर्धेली. जमीन मालकाची, घर मालकाचं, बैलजोडीत मालकाचा हिस्सा, कष्ट कुळाचे, आणि जे पिकेल त्याचे दोन वाटे. निम्मा गहू, निम्मं तेल, निम्मी वाइन मालकाच्या कोठारात जायची. करार वर्षाचा असे आणि मालकाने मनात आणलं तर कुटुंबाला बिऱ्हाड उचलून दुसरं घर शोधावं लागे. कुटुंबं मोठी, तीन तीन पिढ्या एका छताखाली. बाहेरचा कारभार ‘कापोच्चा’ म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाकडे, आणि स्वयंपाकघर, कोंबड्या, परसबाग ‘मास्साइया’ म्हणजे कर्त्या बाईकडे. मालकाचा मुनीम, ‘फात्तोरे’, हिशेबाची वही घेऊन अधूनमधून फिरकायचा. लग्न करायचं झालं तरी मालकाची परवानगी लागे, कारण एक तोंड वाढलं तर वाट्याचं गणित बिघडणार.

अर्ध्या वाट्यावर जगणारा माणूस एकच पीक घेऊ शकत नाही. त्याला घरात सगळंच पिकवावं लागतं. म्हणून द्राक्षाची वेगळी बाग अशी नव्हतीच. शेताच्या बांधावर मेपलची छोटी झाडं, त्यांच्या अंगावर चढवलेल्या वेली, मध्ये ऑलिव्ह, आणि दोन ओळींमधल्या पट्ट्यात गहू किंवा शेंगवर्गी पीक. वेलीचं झाडाशी लग्न लावलेलं असे, तसाच शब्द तिथे रूढ आहे. मेपलचा पाला बैलांना, काटक्या चुलीला, वेलीचा रस पिंपात. बाहेरून पाहणाऱ्याला हे निसर्गचित्र वाटायचं, आणि टस्कनीच्या सौंदर्याबद्दल जे लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं या शेतांकडे पाहून लिहिलं गेलं. ते सौंदर्य गरजेतून आलं होतं. इंच इंच जमिनीला दोन कामं लावली होती.

आणि कुळाच्या घरी वाइन कोणती असे? मालकाचा वाटा गेल्यावर उरलेल्यातली चांगली विकली जायची, कारण रोख पैसा तिथूनच यायचा. घरच्यांसाठी रस काढून झालेल्या चोथ्यावर पाणी ओतून ‘आक्वेरेल्लो’ बनवत. रंग गुलाबी, चव वाइनच्या आठवणीइतकी. ज्या हातांनी वेली छाटल्या, घड तोडले, टोपल्या वाहिल्या, त्या हातांत जेवताना हा पेला असे. किआंतीवर लिहिलेल्या गुळगुळीत कागदावरच्या पुस्तकांमध्ये गढ्यांचे आणि सरदारांचे फोटो असतात, आक्वेरेल्लोवर मात्र एक परिच्छेदही मिळणं मुश्कील. मला हे खटकतं, आणि म्हणून ते इथे सांगावंसं वाटलं.

सरदारांपैकी एकाला मात्र टाळता येत नाही. बेत्तिनो रिकासोली, जन्म 1809, गायोलेजवळच्या ब्रोलिओ गढीचा धनी. हे घराणं बाराव्या शतकापासून तिथे. पहिला पंतप्रधान कावूर याच्या मृत्यूनंतर 1861 साली तो नव्या एकसंध इटलीचा पंतप्रधान झाला, पुढे 1866 मध्ये पुन्हा एकदा. लोक त्याला लोखंडी बॅरन म्हणत. कुळांवर त्याची शिस्त कडक होती, त्यांना नीतिधडे देण्याची त्याला हौस होती. त्याच्या रयतेत जन्म घ्यावा असं वाटायला लावणारा हा माणूस नव्हे. पण द्राक्षाचं त्याने ऐकलं. तो फ्रान्समध्ये जाऊन आला, ब्रोलिओच्या तळघरात वर्षानुवर्षं प्रयोग करत राहिला, आणि 26 सप्टेंबर 1872 रोजी पिसा विद्यापीठातले प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना एक पत्र पाठवून त्याने आपले निष्कर्ष कळवले. सुगंध आणि अंगातला जोम सांजोवेझेकडून येतो, असं त्याने लिहिलं. कानायोलो हे दुसरं लाल द्राक्ष त्याचा जहालपणा सौम्य करतं, सुगंधाला धक्का न लावता. आणि माल्वाझिया हे पांढरं द्राक्ष वाइनला हलकं करतं, रोजच्या जेवणासाठी लवकर पिण्याजोगं बनवतं. मात्र जी वाइन वर्षानुवर्षं ठेवायची आहे तिच्यात ते नसलं तरी चालेल.

या पत्राचं पुढे सूत्र झालं आणि सूत्राचा कायदा. कायदा होताना पत्रातलं शेवटचं वाक्य मात्र गळालं. 1967 साली किआंतीला नियंत्रित उगमाचा दर्जा मिळाला तेव्हा नियमात लिहिलं गेलं की पांढरी द्राक्षं किमान 10 टक्के असलीच पाहिजेत, 30 टक्क्यांपर्यंत चालतील. आणि तीही माल्वाझियापेक्षा त्रेब्ब्यानो जास्त, कारण त्रेब्ब्यानो भरघोस पीक देतं. मुळातच फिका रंग आणि नाजूक अंग असलेली वाइन, तिच्यात जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पांढरा रस. रिकासोलीने जी सवलत रोजच्या ताटासाठी ठेवली होती ती सगळ्या बाटल्यांवर सक्तीने लादली गेली.

तोपर्यंत किआंतीची ओळखही बदलली होती. तिची बाटली म्हणजे फिआस्को: फुंकून केलेल्या पातळ काचेचा गोल फुगा, जो स्वतःच्या पायावर उभा राहू शकत नाही म्हणून त्याला दलदलीतल्या गवताचं आवरण विणून घातलेलं. एम्पोली भागातल्या बायका हे विणकाम करायच्या, दिवसभर, नगावर पैसे. किआंती या नावाचा पसाराही वाढला होता. आजूबाजूच्या सगळ्या टेकड्यांवरची वाइन त्या नावाने विकली जाऊ लागली, तेव्हा 1924 साली राद्दामध्ये 33 उत्पादकांनी एकत्र येऊन संघ काढला आणि काळ्या कोंबड्याला आपली खूण केलं. 1932 मध्ये सरकारने तडजोड केली: नाव सगळ्यांना, मूळ टापूला ‘क्लासिको’ ही पुरवणी. आजही दुकानात नुसती ‘किआंती’ आणि ‘किआंती क्लासिको’ शेजारी ठेवलेल्या असतात, त्यामागे हा वाद आहे. बाटली घ्यायची तर कोंबडा पाहून घ्यावी, एवढं मी कुणालाही सांगेन.

मग कुळं निघून गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर अर्ध्या वाट्याविरुद्ध आंदोलनं झाली. 1947 मध्ये कुळाचा वाटा 53 टक्क्यांवर आला, आणि 1964 च्या कायद्याने तो 58 टक्के करून नवे मेझाद्रिया करार करायलाच बंदी घातली. पण कायदा आला तोवर घरं रिकामी होत आली होती. 1956 च्या फेब्रुवारीत पडलेल्या हिमाने ऑलिव्हची झाडं करपली, आणि ज्यांचा धीर उरला होता त्यातल्या अनेकांचा तोही सुटला. पोज्जिबोन्सी, प्रातो, फ्लोरेन्स इथे कारखाने होते, महिन्याला पगार होता, नळाचं पाणी होतं. पोरांना डोंगरात ठेवायचं कशासाठी? गेले ते. बांधावरच्या मेपलना चढलेल्या वेली तशाच वाढत राहिल्या. मालकांनी मजूर लावून, अनुदान घेऊन, ट्रॅक्टर चालेल अशा सरळ ओळींच्या बागा लावल्या, आणि घाईत लावलेल्या रोपांमध्ये जास्त पिकणारी वाणं निवडली. सत्तरच्या दशकातली किआंती पातळ आणि आंबट होती ती अशी. आंबटपणा तोच, पण त्याच्या पाठीशी काही नाही.

यातून बाहेर काढणाऱ्यांची गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगितली गेली आहे, म्हणून थोडक्यात. पिएरो आंतिनोरी आणि त्यांचे वाइनतज्ज्ञ जाकोमो ताकिस यांनी 1971 च्या हंगामाची तिन्यानेल्लो ही वाइन किआंतीच्या नियमांबाहेर जाऊन, साधी ‘टेबल वाइन’ म्हणून बाजारात आणली. पुढे पांढरी द्राक्षं पूर्ण काढली आणि फ्रान्सचं कॅबर्ने घातलं. ती जगभर गाजली. माझं मन मात्र राद्दाच्या मोन्तेवेर्तीनेकडे ओढ घेतं. सेर्जो मानेत्ती या उद्योजकाने 1977 साली तिथे ‘ले पेर्गोले तोर्ते’ केली ती केवळ सांजोवेझेची. त्याला वाट दाखवत होते ज्युलिओ गाम्बेल्ली, पोज्जिबोन्सीचे, 1925 साली जन्मलेले. हातात पदवी नाही, जीभ मात्र अशी की पिंपातला घोट घेऊन तो कुठल्या उतरणीचा हे सांगावं. गाम्बेल्लींचं म्हणणं साधं होतं. सांजोवेझेला जोडीदार नको. त्याला सालीवर निवांत आंबू द्या, मोठ्या जुन्या पिंपांत राहू द्या, आणि वाट पाहा. जहालपणा झाकण्यासाठी दुसरं द्राक्ष घालण्याऐवजी तो पिकू द्यायचा. त्या काळात अशा वाइनला किआंती म्हणवून घेण्याची कायद्याने मुभा नव्हती. किआंतीचं सगळ्यात निखळ रूप किआंतीच्या नावाबाहेर राहिलं. 2006 च्या हंगामापासून किआंती क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षांना बंदी आली आणि शंभर टक्के सांजोवेझे आता नियमांत बसतं. ‘ग्रान सेलेत्सियोने’ या वरच्या श्रेणीसाठी किमान 90 टक्के सांजोवेझे आणि उरलेलंही स्थानिकच, असा निर्णय उत्पादकांनी घेतला आहे. मला तो मनापासून पटतो.

याच द्राक्षाचं दुसरं घर मोन्ताल्चिनो, सिएनाच्या दक्षिणेला, जास्त उबदार. तिथे फेर्रुच्चो बियोन्दी सान्ती याने 1888 च्या हंगामात ब्रुनेल्लो ही जी वाइन केली ती पहिल्यापासून नुसत्या सांजोवेझेची. तिथेही मोह झालाच: 2008 मध्ये काही उत्पादकांनी गुपचूप दुसरी द्राक्षं मिसळल्याचा आरोप होऊन तपास झाला. वाइन गडद आणि मऊ व्हावी, परदेशी गिऱ्हाइकाला पहिल्या घोटात आवडावी, यासाठी. 2011 साली तिथल्या उत्पादकांनी नियम शिथिल करण्याचा प्रस्ताव मतदानाने फेटाळला. मऊ करण्याची ही घाई सत्तेच्या आणि बाजाराच्या प्रत्येक पिढीत दिसते, आणि दर वेळी ती वाइनमधून तिची भूक काढून घेते.

टस्कनीचा मानबिंदू म्हणून मिरवणाऱ्या या द्राक्षाचं मूळ तपासलं गेलं तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार सांजोवेझेचा एक पालक टस्कनीत माहीत असलेलं चिलिएजोलो, आणि दुसरा दक्षिणेकडचं, जवळजवळ विस्मरणात गेलेलं कालाब्रेझे दी मोन्तेनुओवो. चिलिएजोलो हे पालक की अपत्य, यावर संशोधकांत मतभेद आहेत. पण दक्षिणेशी असलेलं नातं मला भावतं. इटलीत उत्तर आणि दक्षिण यांच्यातला दुरावा खोल आहे. आणि टस्कनीच्या सगळ्यात उमद्या पेल्यात दक्षिणेच्या गरीब मुलखाचं रक्त असू शकतं.

तिथल्या जेवणाकडे परत येते, कारण किआंती समजायची तर ताटाबरोबरच. टस्कनीची रोजची पोळी म्हणजे मिठाशिवायचा पाव. पहिला घास बेचव लागतो, पाहुण्याला वाटतं काही राहून गेलं. शिळी झाली की ती टाकत नाहीत: काळी कोबी, घेवडा आणि भाज्यांच्या सारात घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळतात, ती रिबोल्लिता, टोमॅटोत शिजवली की पाप्पा अल पोमोदोरो. इटलीतले इतर लोक टस्कनीकरांना घेवडाखाऊ म्हणून चिडवतात. वरून नवं ऑलिव्ह तेल, हिरवं, घशाला झणका देणारं, कडसर. कधीतरी मेंढीच्या दुधाचं चीज, आणि सणावाराला मांस. या जेवणात आंबट असं फारसं काही नाही. ती जागा वाइनची आहे. आमटीत आमसूल पडलं नाही तर बाकी सगळं जागेवर असूनही आमटी उभी राहत नाही. घेवडा, तेल आणि अळणी पोळीच्या त्या ताटात किआंती ते काम करते. तेलाचा थर तिचं आम्ल कापून काढतं, घेवड्याचा पिठूळपणा तिचं टॅनिन सावरतं, आणि पोळीतलं न घातलेलं मीठ आठवत नाही. आता कुळांच्या त्या घरांची पर्यटकांसाठी विश्रामगृहं झाली आहेत आणि रिबोल्लिता महागड्या भांड्यांत येते, तरी चवीचं नातं तेच आहे. दुसऱ्या कुठल्या वाइनबरोबर खाऊन पाहिलं तर ताट विस्कटतं.

सांजोवेझे महाराष्ट्रातही आहे, हे सांगितल्यावर लोकांना नवल वाटतं. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला, उसाच्या मुलखात, 2000 च्या दशकात मोहिते-पाटील कुटुंबातले भाऊ, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेची बंधू यांनी मिळून फ्रातेली ही वाइनरी उभी केली, आणि टस्कनीचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली जी द्राक्षं लावली गेली त्यांत सांजोवेझे होतं. तिथे वेलीला हिवाळ्याची झोप मिळत नाही. टस्कनीत थंडी वेलीला निजवते, वर्षाला एक छाटणी पुरते. आपल्याकडे वेल कधी झोपतच नाही, म्हणून दोनदा छाटावी लागते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी काडी तयार होण्यासाठी, आणि पाऊस ओसरल्यावर फळछाटणी घडांसाठी. राद्दाला शेवटच्या टोपल्या उतरत असतात त्याच दिवसांत अकलूजचा गडी कात्री घेऊन नव्या हंगामाला हात घालतो. तोडणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, थंडी सरून ऊन चढत असताना. म्हणजे किआंतीच्या नेमकी उलट वाट. तिथे द्राक्ष गारठत जाणाऱ्या हवेत पिकतं, इथे तापत जाणाऱ्या. साखर भराभर चढते, आम्ल भराभर उतरतं. तोडणीचा दिवस ठरवणाऱ्याला रोज मणी चाखून पाहावे लागतात.

तिथली ‘सेत्ते’ ही सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यो यांची मिळून केलेली वाइन जास्त नावाजली गेली, आणि ती नेटकी आहे. कॅबर्नेने तिला अंग दिलं आहे, रंग दिला आहे. पण मी अकलूजकडची नुसत्या सांजोवेझेची बाटली उघडते, कडक भाकरी, शेंगाचटणी आणि मटणाचा तिखट रस्सा समोर घेऊन. चेरी आहे, वाळल्या पाल्याचा वास आहे, रंग फिका आहे. तुरटपणा रश्श्याच्या तेलाला भिडतो. आंबटपणा मला अजून हवा असतो. पहाटेच्या गारव्यात, आठवडाभर आधी तोडणी करून, पिकलेपणात थोडं कमी घेऊन कुणी ती एकदा करून पाहावी; गोडव्याकडे झुकलेल्या आपल्या बाजारात अशा बाटलीला गिऱ्हाईक कमी मिळेल, हे मला कळतं, तरी ती मी घेईन.